नेवाडा-युटाच्या वाळवंटात ट्रकने कॅम्पिंग: वजन, टायर आणि कच्चे रस्ते

प्रश्न: रानवाट

मंडळी, ऑक्टोबरच्या मध्यावर लास वेगासहून ट्रक घेऊन वाळवंटात फिरायचा बेत आहे. ढोबळ मार्ग असा: बीटी गावावरून डेथ व्हॅली, तिथे रेसट्रॅक प्लाया (कोरड्या तळ्याचं सपाट पात्र, जिथे दगड आपोआप सरकतात). मग युटात एस्कलांटेला होल-इन-द-रॉक रोड. पुढे हँक्सव्हिल, मोकी डगवे, व्हॅली ऑफ द गॉड्स आणि शेवटी मोॲब. माणसं दोन. हॉटेल शक्यतो नको, बीएलएमच्या (अमेरिकी सरकारचं जमीन व्यवस्थापन खातं) जमिनीवर मुक्काम.

ट्रक स्वतःचा आहे. मध्यम आकाराचा, चार दारांचा, फोर-बाय-फोर, हौद्यावर फायबरग्लासचं टॉपर, म्हणजे हौदा झाकणारं टप. टायर कंपनीचेच, पी-मेट्रिक, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून १,०५० पाउंड लिहिलंय.

विचारायचं ते असं: टॉपरवर रूफटॉप टेंट घ्यावा का? टायर बदलावेत का, आणि कुठल्या रस्त्यावर हवा किती ठेवावी? मुक्काम कुठे चालतो, कुठे नाही? आणि या मार्गावर कुठे माघारी फिरायची तयारी ठेवावी?

---

पाना_पक्कड

आधी वजनाचा हिशेब कागदावर मांडा, टेंटचं उत्तर त्यातूनच निघेल. १,०५० पाउंड म्हणजे ४७६ किलो. टाकीतलं पेट्रोल यात धरायचं नाही, ते गाडीच्या मूळ वजनात आलेलं असतं. पण नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू यातच येते, टॉपरसुद्धा. लोक नेमके तेच विसरतात.

दोन माणसं १५० किलो. टॉपर ८०. रूफटॉप टेंट आणि त्याचे आडवे बार मिळून ८०. कॅनसकट ४५ लिटर पाणी ५०. भरलेला फ्रिज ३५. दुसरी बॅटरी आणि चार्जर २०. शेगडी, शिधा, टेबल-खुर्च्या ५०. अंथरूण-कपडे ३५. हत्यारं, कॉम्प्रेसर, दोर, वाळूच्या फळ्या ५०. पेट्रोलचे वीस लिटरचे दोन कॅन ४०. बेरीज ५९०. म्हणजे मर्यादेच्या ११४ किलो वर.

टेंट काढा, हौद्यात टॉपरखाली गादी टाकून झोपा. गादीचे दहा किलो धरून ५२० झाले. पेट्रोलचे दोन्ही कॅन काढा, ४८०. या मार्गावर त्यांची गरजही नाही, पंप कुठे आहेत ते खाली येईलच. टेबल-खुर्च्यांतून दहा किलो कमी केले की ४७०. आता कुठे गाडी मर्यादेत आली. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: या ट्रकवर रूफटॉप टेंट नको.

दुसरं कारण उंचीचं. टेंटचे ते ८० किलो गाडीच्या सगळ्यात वरच्या जागी बसतात, आणि आडव्या उतारावर किंवा खाचेत एक चाक गेलं की गाडी तेवढी जास्त कलते. टॉपर उभ्या गाडीत किती भार घेतं आणि चालत्या गाडीत किती, हे दोन आकडे वेगळे असतात. जाहिरातीत बहुतेक पहिला लिहितात. तुम्हाला हवा तो दुसरा, आणि तो बऱ्याच फायबरग्लास टॉपरचा टेंटला पुरत नाही.

जास्त भाराने मोडतं काय? मागचे पाटे (स्प्रिंग) बसतात, बंपस्टॉपवर (वर लावलेल्या रबरी ठोकळ्यावर) आदळतात, आणि खडखडाटी रस्त्यावर शॉक ॲब्सॉर्बर तापून तेल गाळतात. ब्रेकचं तर विचारूच नका. डेथ व्हॅलीच्या पश्चिमेकडच्या टाउन पासचा माथा जवळपास ५,००० फुटांवर आणि खाली स्टोव्हपाइप वेल्स समुद्रसपाटीच्या आसपास. त्या बाजूने गेलात तर तो घाट उतरताना माथ्यावरच खालचा गिअर घ्या, ब्रेक दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. मोकी डगवेही तसाच: खडीचा तीन मैलांचा वळणावळणांचा उतार, चढ ११ टक्क्यांपर्यंत, कठडा जवळजवळ नाहीच. तुमच्या मार्गाने तो उतरावा लागेल. लो रेंज (फोर-बाय-फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा), पहिला-दुसरा गिअर, आणि खालून चढणाऱ्याला वाट द्या.

सामान भरून झालं की एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) गाडी घाला. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजून मिळतो. दाराच्या चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरवर प्रत्येक आसाची कमाल मर्यादाही छापलेली असते. एकूण वजन बसूनही मागचा आस ओलांडलेला असणं नेहमीचं. म्हणून पाणी आणि हत्यारं हौद्यात केबिनला चिकटून, तळाशी ठेवा. गादी, कपडे मागे आणि वर.

---

वाळूवाट

टायर बदला. या सगळ्या बेतात पैसे घालायची एकच जागा सांगायची झाली तर ही.

पी-मेट्रिक टायर मुळात मोटारींसाठीचा. तो ट्रकवर घातला की त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरावी लागते. त्याची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) पातळ असते आणि रेसट्रॅकचा रस्ता नेमका साइडवॉलच फाडतो. उबेहेबी क्रेटरपासून २७ मैल, म्हणजे जाऊन-येऊन ५४ मैल, सगळा वॉशबोर्ड (आडव्या लाटा पडलेला खडखडाटी रस्ता) आणि मधूनमधून धारदार दगड. तळव्याला भोक पडलं तर प्लग बसतो. साइडवॉल चिरली तर तो टायर संपला. एलटी (हलक्या ट्रकच्या) वर्गाचे ऑल-टेरेन घ्या, मध्यम ट्रकला लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी पुरते. ई जास्त दणकट असते, पण प्रत्येक चाक काही किलोंनी जड होतं आणि रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी होतात. सी आणि ई दोन्ही मिळत असतील तर या एका रस्त्यासाठी ई घेतली तरी चूक नाही. एलटी टायरला तोच भार पेलायला पी-मेट्रिकपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरचा आकडा तसाच वापरू नका. टायरवाल्याकडून त्या मापाचा भार-हवा तक्ता मागून घ्या.

आता हवा. आकडे थंड टायरचे, म्हणजे सकाळी गाडी हलवण्याआधीचे. भरलेल्या ट्रकला डांबरावर मागे ४० पीएसआय लागत असेल असं धरू. चांगल्या खडीवर ३०. वॉशबोर्डवर २५-२६. मऊ वाळूत १६-१८. १८ च्या खाली गेलात तर ताशी २०-२५ मैलांच्या वर जायचं नाही आणि वळणं हळू घ्यायची, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. धारदार दगडांवर मात्र फार उतरू नका. हवा कमी केली की तळवा दगडाला कवेत घेतो हे खरं, पण साइडवॉल बाहेर फुगते आणि कडेचा दगड तिलाच लागतो. रेसट्रॅकला २६-२८ हा मधला मार्ग.

दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय फरक पडतो. पहाटे ४० अंश आणि दुपारी ८५ असेल तर नुसत्या हवामानाने चार-साडेचार वाढतात, वर चालल्याची उष्णता वेगळी. दुपारी गेज ३१ दाखवतंय म्हणून काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला दिसेल.

कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा नको. ते सॉकेट बहुतेक १०-१५ अँपिअरच्या फ्यूजवर असतं आणि बरा कॉम्प्रेसर त्याच्या दुप्पट ओढतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या आणि इंजिन चालू ठेवूनच वापरा. डांबर लागताच हवा भरा, ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणू नका. कमी हवेवर ताशी ६५ मैलांनी पळवलेला टायर आतून भाजतो आणि नंतर कधीतरी फुटतो.

वॉशबोर्डवर ठरावीक वेगाला गाडी तरंगल्यासारखी होते, खडखडाट थांबतो आणि सगळं छान वाटतं. पण त्या वेळी चाकं जमिनीला नीट टेकलेलीच नसतात. वळणाआधी सगळे ब्रेक मारतात म्हणून लाटा तिथेच सगळ्यात खोल असतात, आणि गाडी आडवी सरकते ती तिथेच. संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की पाना घेऊन एक फेरी मारा: टॉपरचे क्लॅम्प, बॅटरीची पट्टी, नंबरप्लेट, शॉकचे बोल्ट, चाकांचे नट. काही ना काही सैल सापडतंच.

पंक्चर काढणं घरी एकदा जुन्या टायरवर करून बघा. क्रम असा. घुसलेला खिळा किंवा दगडाची कपची दिसली की लगेच उपटू नका, हवा धरून ठेवलीय ती त्यानेच. आधी कॉम्प्रेसर जोडा, प्लगची चिकट दोरी सुईत ओवून मध्यावर आणा, रबर सिमेंट लावून तयार ठेवा. ट्रक जरासा पुढेमागे घेऊन भोक हाताला येईल असं आणा. खिळा कुठल्या कोनात गेलाय ते बघा, पकडीने त्याच कोनात ओढा. रीमर त्याच कोनात घालून दहा-पंधरा वेळा आतबाहेर करा, हाताला अडखळणं थांबेपर्यंत. इथे घाई झाली की आतल्या स्टीलच्या तुटक्या तारा दोरी कापतात आणि तासाभरात प्लग पुन्हा गळतो. मग सुई दाबून दोरीचा दोन तृतीयांश भाग आत घाला, टोकं अर्धा इंच बाहेर राहू द्या आणि सुई एका झटक्यात सरळ मागे ओढा. हवा भरा, साबणपाणी लावा. बुडबुडे आले तर त्याच भोकात दुसरी दोरी. बाहेरची टोकं कापून टाका.

स्पेअर पूर्ण मापाचा आहे ना, त्यात हवा आहे ना, हे निघण्याआधी बघा. हौद्याखालचा स्पेअर साखळीने खाली सोडून पुन्हा वर घ्या. धूळ-गंजाने ती चरखी अडकलेली असते आणि हे कळतं नेमकं रस्त्यात. जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट, पाऊण इंच जाडीची प्लायवूड घ्या, नुसता जॅक वाळूत गाडला जातो. नटांना कुलूप असेल तर त्याची चावी कुठे आहे तेही आत्ताच बघा. चाक बदललं की ५० मैलांनी नट पुन्हा आवळा.

लिपिनकॉट रोडचा मोह टाळा. रेसट्रॅकच्या पलीकडून सेलाइन व्हॅलीत उतरणारा तो अरुंद, खचलेला रस्ता भरलेल्या ट्रकसाठी नाही. आणि त्या सगळ्या भागातून ट्रक ओढून आणायचा खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो.

---

सगुणा

मुक्कामाचं सांगते. बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर साधारण नियम २८ दिवसांत १४ दिवसांचा आहे. तुम्ही रोज हलणार, त्यामुळे तो आड येणार नाही. आड येतील ते स्थानिक नियम, आणि तुमच्या मार्गावर ते दर मुक्कामाला बदलतात.

डेथ व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान आहे, बीएलएम नव्हे. रेसट्रॅकच्या काठावर मुक्काम चालत नाही, पलीकडे होमस्टेक ड्राय कॅम्प आहे, तिथे पाणी नाही. बाकी काही कच्च्या रस्त्यांवर परवाना लागतो, तो उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. बॅककंट्रीत शेकोटी बंद. प्लायावर गाडी कधीच घालायची नाही, आणि ओली असेल तर पायही ठेवायचा नाही. ओल्या मातीतले ठसे वर्षानुवर्षं तसेच राहतात. ते सरकणारे दगड पातळ बर्फाच्या तावांनी आणि वाऱ्याने हलतात हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून नक्की झालं. ते मागे सोडतात त्या रेषाच तर बघायला जायचं!

होल-इन-द-रॉक रोडचा बहुतेक भाग ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटेत येतो. तिथे रात्रीच्या मुक्कामाचा परवाना मोफत आहे, एस्कलांटेच्या माहिती केंद्रात भरून मिळतो. व्हॅली ऑफ द गॉड्सचा कच्चा रस्ता १७ मैलांचा. तिथे आधीच वापरात असलेल्या, टणक झालेल्या जागांवरच उभे राहा. मोॲबच्या जवळपास मात्र मोकळीक संपते. बऱ्याच भागात आखून दिलेल्या जागीच थांबायचं असतं आणि स्वतःचं पोर्टेबल टॉयलेट जवळ असणं सक्तीचं आहे. वॅग बॅग (शौचासाठीच्या पिशव्या) घेऊन ठेवा, माणशी दिवसाला एक या हिशेबाने आणि वर दोन-तीन जास्त. वापरलेल्या पिशव्यांसाठी झाकण घट्ट बसणारी बादली घ्या आणि ती केबिनमध्ये ठेवू नका.

युटात जमिनीवर काळपट, खडबडीत, फुगीर पापुद्रा दिसेल. तो जिवंत आहे: सायनोबॅक्टेरिया, शेवाळं, दगडफूल यांनी वाळू धरून ठेवलेली असते. एका चाकाने चिरडलेला पट्टा भरून यायला कित्येक दशकं लागतात. म्हणून गाडी वळवायलासुद्धा रस्त्याबाहेर जायचं नाही. कळकळीने सांगते, जागा नसेल तर मैलभर पुढे जाऊन वळा.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. तुमचे ४५ लिटर दोघांना सहा दिवस पुरतात, पण मी चारच धरीन, कारण दोन दिवसांचं पाणी गाडी अडकली तर लागेल असं समजून बाजूला ठेवायचं. एकाच मोठ्या टाकीत भरू नका. एक चीर आणि सगळं पाणी हौद्यात! दोन-तीन कॅन करा. फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स, एस्कलांटे, हँक्सव्हिल, प्रत्येक ठिकाणी भरून घ्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर फर्नेस क्रीकला दुपारी ३४-३५ अंश सेल्सियस साधारण असतं, आणि त्याच आठवड्यात एस्कलांटेच्या पठारावर पहाटे पाणी गोठू शकतं. दोन्ही ऋतूंचे कपडे लागतील. टॉपर बंद करून आत गॅसचा हीटर किंवा शेगडी कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. जाड स्लीपिंग बॅग घ्या, ऊब तिच्यातून मिळवा.

कॅलिफोर्नियात बीएलएमच्या किंवा वनखात्याच्या मोकळ्या जमिनीवर थांबलात तर गॅसची शेगडी लावायलाही कॅम्पफायर परवाना लागतो. मोफत आहे, ऑनलाइन मिळतो.

---

घाटमाथा

माघारी कुठे फिरायचं याचं उत्तर एका शब्दात: पाऊस.

एस्कलांटेच्या आसपासच्या बऱ्याच रस्त्यांत बेंटोनाइट माती आहे. कोरडी असताना डांबरासारखी टणक, भिजली की साबण. टायरची नक्षी एका फेऱ्यात भरून गुळगुळीत होते आणि फोर-व्हील ड्राइव्हने चारही चाकं एकदम घसरतात, एवढाच फायदा. पावसाची शक्यता असेल तर होल-इन-द-रॉकवर आत शिरू नका. आत असताना पाऊस आलाच तर उंच, सपाट जागी उभे राहा आणि थांबा. बहुतेक वेळा एक दिवसाचं ऊन पुरतं. चिखलात ओढत नेलेला ट्रक रस्त्यावर फूटभर चाकोऱ्या पाडतो आणि त्या वाळल्या की मागून येणाऱ्यांचे हाल. तो रस्ता सुमारे ६२ मैल लांब आहे, शेवटचे काही मैल खडकाच्या पायऱ्यांचे. डान्स हॉल रॉकपर्यंत जाऊन, तिथे मुक्काम करून परत फिरलात तरी काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

वॉशमध्ये (ओढ्याच्या कोरड्या पात्रात) तंबू नको, गाडीही नको. आभाळ डोक्यावर निळं असताना वीस मैल वर पडलेला पाऊस खाली येतो. वाहतं पाणी फूटभर असेल तर बहुतेक मोटारी वाहून जातात, दोन फुटांना ट्रकही. बाजूने चालत जाऊन, काठी घालून खोली बघण्याचा खेळ करू नका. थांबा, ओढे तासा-दोन तासांत ओसरतात.

डेथ व्हॅलीचे रस्ते गृहीत धरू नका. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाने फर्नेस क्रीकला एका दिवसात २.२ इंच पाऊस पाडला, जवळपास वर्षभराचा, आणि उद्यान १५ ऑक्टोबरला उघडलं. त्यानंतरही कच्चे रस्ते बंदच होते. उद्यानाचा रस्त्यांचा अहवाल निघायच्या दिवशी वाचा.

वाळूत रुतलात तर पहिल्या क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. चाक फिरवत राहिलात की ते खड्डा खणतं आणि आस वाळूवर बसतो. खाली उतरा, चाकांपुढची आणि आसाखालची वाळू फावड्याने काढा, हवा १२-१४ वर आणा, फळ्या चाकाखाली खुपसा आणि लो रेंजमध्ये हळूहळू, शक्यतो आलात त्याच चाकोरीतून मागे या. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर दोर फ्रेमला धरलेल्या हुकालाच लावा. ट्रेलरच्या टो बॉलला कधीही नाही. तो तुटून गोळीसारखा येतो, त्याने माणसं मेली आहेत. ओढताना बाकीच्यांनी दोराच्या दीडपट अंतरावर उभं राहावं.

पंप: बीटीला भरा, उद्यानात महाग असतं. एस्कलांटेला भरा, कारण होल-इन-द-रॉक जाऊन-येऊन १२५ मैलांच्या घरात जातो आणि लो रेंजमध्ये पेट्रोल दीडपट धरायचं. मग हँक्सव्हिलला. तिथून मोकी डगवेमार्गे मेक्सिकन हॅट साधारण १२५ मैलांवर, मध्ये पंपाचा भरवसा नाही. टाकी भरलेली असेल तर कॅन लागत नाहीत, पाना_पक्कड यांचं बरोबर आहे.

फोनला यातल्या अर्ध्या वाटेवर रेंज नसेल. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, आणि रोजचा मुक्काम कुठे व कितीपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा हे घरी एका माणसाला लिहून द्या.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. टेंट रद्द, एलटी टायर घेतो. एकच राहिलं: फ्रिजसाठी १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी पुरेल का, आणि ती थेट गाडीच्या बॅटरीला जोडली तर चालेल का?

---

पाना_पक्कड

पुरेल. ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज गरम हवेत दिवसाला ३० ते ४५ अँपिअर-तास खातो, म्हणजे गाडी न हलवता दोन दिवस निघतात.

थेट जोडू नका. नव्या ट्रकचा अल्टरनेटर मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवतो, मग लिथियम अर्धवटच भरते. उलट ती रिकामी असताना भरमसाट करंट ओढून तारा तापवते. मध्ये २०-३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या वीजेवर दुसरी बॅटरी ठरल्या करंटने भरणारा) टाका. ३० चा असेल तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये दिवसाचा खर्च भरून निघतो. तार जाड, ३० अँपिअरच्या चार्जरला हौद्यापर्यंत ६ गेज. फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभराच्या आत, कारण टॉपरच्या कडेला तार घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट येणार. फ्रेमच्या भोकांतून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

आणि ही बॅटरी शून्य अंश सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते, पेशी कायमच्या खराब होतात. तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का ते विकत घेतानाच विचारा. ती हौद्यात न ठेवता मागच्या सीटखाली बसवलीत तर एस्कलांटेच्या थंड सकाळीही गाडीच्या उबेत लवकर चार्ज घ्यायला लागेल.